छपराखालचा खेळ आणि आमचे व्याही

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली झाडून सगळी रागीट माणसं तराजूच्या एका पारड्यात बसवा आणि दुसऱ्यात आमच्या व्याह्यांना एकट्याला बसवा. व्याह्यांचंच पारडं खाली जाईल, हे मी कुणासमोरही छातीठोक सांगेन. आता राग म्हटला की भांडी आपटणारा, सुनेला टाकून बोलणारा म्हातारा डोळ्यांसमोर येतो. तसलं काही नाही हो. घरात या माणसाचा आवाज चढलेला माझ्या लेकीनं कधी ऐकला नाही. भाजी अळणी झाली तर ताटातलं मीठ लावून गुपचूप जेवायचे. त्यांचा राग सगळा बाहेरच्या अन्यायासाठी राखून ठेवलेला. एसटी उशिरा सुटली तर ते काही म्हणायचे नाहीत, उशीर कुणालाही होतो. पण वेळेच्या आधी सुटली की भडकायचे, कारण जो घड्याळ बघून आला त्याला फसवलं ना. एकदा एका लग्नात वाढपी ओळखीचा निघाला आणि जिलबीची परात घेऊन दुसऱ्यांदा सरळ त्यांच्याकडंच आला. व्याह्यांनी ताटावर आडवा हात धरला, "आधी पंगत पुरी फिर," म्हणाले, आणि त्याची परात शेवटच्या माणसापर्यंत जाईस्तोवर हात उचलला नाही. तोवर जिलबी संपली. पण समाधान असं की जणू तेच जेवले.

तर अशा माणसाचा सगळ्यात मोठा राग कशावर असावा? ज्याचा आमच्या मातीशी काडीचा संबंध नाही अशा गोष्टीवर. परदेशात कुठंतरी, छपराखाली, गालिच्यावर, पुरुषांच्या टेनिसच्या एकेरीच्या स्पर्धा होतात ना, त्यावर.

हे लागलं कसं ते सांगते. माझी लेक सुनंदा निरगुडसरच्या पलीकडं एका वाडीत दिली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी, वारूळवाडीला आली आणि भाऊबीज झाल्यावर तिला न्यायला सासरे स्वतः आले. खरं तर मुलानं यायचं. पण मुलगा एसटीची वेळ नीट बघणार नाही अशी त्यांना शंका. आमच्याकडं नुकतीच केबल आली होती. आमचे हे बातम्या शोधत होते, तेवढ्यात पडद्यावर निळा गालिचा आला आणि त्यावर दोन पांढरे कपडेवाले. व्याह्यांनी चहाची बशी तोंडाला लावलेली, ती तशीच राहिली. "ह्ये आत का खेळत्यात?" त्यांनी विचारलं. आमचे हे म्हणाले, तिकडं थंडी असते. "थंडी असती तर घरात बसावं. खेळायला कुनी सांगितलं?" त्या संध्याकाळी शेवटची एसटी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळची गेली. सुनंदा पिशवी भरून उंबऱ्यात बसलेली, आणि सासरे म्हणतात, थांब पोरी, ह्या डाव्या हाताच्याचा निकाल लागू दे. स्पर्धा संपली तेव्हाच ते उठले.

त्यानंतर दरवर्षी तेच. दिवाळीच्या आगेमागे ही छपराखालची स्पर्धा, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारात व्याही. पांढरं धोतर, टोपी, हातात घरच्या शेंगांची पिशवी. त्यांच्या वाडीत केबलची तार पोचली नव्हती, त्यामुळं आठवडाभर मुक्काम आमच्याकडं. आमच्या शेजारणीला, कौसाबाईला, हे काही पटेना. मुलाकडचा व्याही मुलीच्या माहेरी आठ-आठ दिवस ठाण मांडून बसतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हा सरळ हिशेब. पहिल्या वर्षी ती हळूच विचारून गेली, दुसऱ्या वर्षी तिनं आळीत सांगितलं, आणि तिसऱ्या वर्षी दोन वडीलधारे समजूत घालायलाच आले. आत येऊन बघतात तर व्याही टीव्हीपुढं मांडी ठोकून पंचाला सांगतायत, तुझं चुकलं म्हणून. दोघं चहा पिऊन, मॅच बघून गेले. जाताना एकानं मला विचारलं, मुलीकडचा पक्ष कुठला, उंच का बुटका?

मला मात्र हे सगळं पथ्यावर पडलं. सासरे उठत नाहीत तोवर सून जाणार कशी? बाकीच्यांच्या लेकी भाऊबीजेचं ओवाळून डोळे पुसत एसटीत बसायच्या, आणि माझी लेक माझ्याजवळ. मी रोज उठून मासवडी करावी, कधी शेंगोळी, कधी पुरणपोळी. व्याही म्हटल्यावर मान ठेवायलाच हवा. पण खरं सांगू, तो स्वयंपाक मी व्याह्यांसाठी करतच नव्हते.

त्यांच्या तक्रारी किती म्हणून सांगू. पहिली छपराची. ऊन नाही, वारा नाही, ढग नाही, धूळ नाही, मग माणूस कुणाशी खेळला? नुसत्या समोरच्या माणसाशी? शेतकरी आयुष्यभर आभाळाशी खेळतो, आणि ह्यांना दोन थेंब सोसत नाहीत. दुसरी गालिच्याची. "गालिचा पावण्यांना बसायला असतो, विहीणबाई. त्यावर बूट घालून नाचतात व्हय?" शिवाय गालिच्यावर चेंडूची खूण उमटत नाही. मातीवर उमटते. मातीवर खेळले असते तर भांडणच नको, जाऊन बोट ठेवून दाखवायचं. ज्यांना खूण नको असते तेच गालिचा अंथरतात, असं त्यांचं ठाम मत. तिसरी गुणांची. पंधरा, तीस, इथवर त्यांना मान्य होतं. पुढं चाळीस आले की ते माझ्याकडं वळून विचारत, "पाच कुनी खाल्लं?" बाजारात व्यापारी टोमॅटोच्या वजनात कडता कापतात तसा इथंही कुणीतरी कापतोय आणि खेळणारे गरीब, बोलत नाहीत, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. दोन गेम झाले की खुर्चीवर बसायचं, केळं खायचं, तेही अर्धं, उरलेलं अर्धं टाकून द्यायचं, यावर तर ते अख्खा दिवस काढायचे. आणि मानांकनवाल्यांना पहिली फेरी माफ असते हे आमच्या ह्यांनी कुठंतरी वाचून सांगितलं तेव्हा ते उठून अंगणात गेले आणि तुळशीला दोन फेऱ्या मारून परत आले. "गेल्या साली जितलेल्या बैलांना आमी यात्रेत गाड्याच्या घाटात पहिली बारी माफ करतो का? आं? त्यांनी बी पळावंच लागतं." आमचे हे तोवर डोळे मिटून पडले होते.

इतका राग, तर बघायचं कशाला? हे मी एकदा विचारलंच. ते थोडे ओशाळले. म्हणाले, एकेरी हाय म्हणून बघतो. दुहेरी लागली की ते खरंच टीव्ही बंद करायला लावायचे. दोघांत चूक कुणाची झाली ते ठरवता येत नाही, आणि जे ठरवता येत नाही ते बघून काय करायचं? एकेरीत माणूस उघडा पडतो. पाठीशी कुणी नाही, ढकलायला कुणी नाही. चूक झाली तर त्याची, आणि जिंकला तर त्याचा. असा माणूस बघायला बरं वाटतं, म्हणाले.

यामागचं कारण असं की ते स्वतः रेघेवरचे माणूस. आमच्याकडं यात्रेत बैलगाडे पळतात हे ठाऊकच असेल. गाड्यावर कुणी बसत नाही. खाली बैल जुंपून सोडायचे, आणि त्यांनी चढाचा घाट पळत वर यायचं. या एका पळण्याला बारी म्हणतात. वर घड्याळ लावून एक जण आणि निशाण घेऊन एक जण. त्यांच्या घाटाच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारतात. गाड्याचं चाक रेघांच्या आतून आलं तर निशाण खाली पडतं आणि वेळ धरतात. चाक बाहेर गेलं तर निशाण आडवं, म्हणजे बारी बाद. हे निशाण कित्येक वर्षं आमच्या व्याह्यांच्या हातात. त्यांनी आडवं धरलं की मालक किती का मोठा असेना, बैल सोडून मुकाट घरी जायचा. पंचांशी भांडायची पद्धत सगळ्या गावांत आहे, त्यांच्या घाटाला ती नव्हती.

आणि मग ते वर्ष आलं. आमच्या जावयानं पोटच्या पोरासारखी वाढवलेली बैलजोडी पहिल्यांदा घाटात उतरवली. जावई वरच्या टोकाला, रेघेच्या पलीकडच्या अंगाला, बैल धरायला उभा. अलीकडच्या अंगाला निशाण घेऊन बाप. संध्याकाळची वेळ. बैल असे आले म्हणतात की लोकांच्या टोप्या उडाल्या. घड्याळवाल्याचं तोंड उघडं राहिलं. आणि व्याह्यांनी निशाण आडवं धरलं.

धूळ बसेपर्यंत माणसं रेघेवरून पळाली होती. फक्की पुसली गेली, खूण कसली नि काय. जावई अख्ख्या यात्रेसमोर ओरडला, चाक आत व्हतं, आबांना दिसत न्हाई. त्या घाटात पंचाला असं पहिल्यांदा कुणी बोललं, आणि तो पोटचा पोरगा. व्याह्यांनी निशाण तिथंच गावकऱ्यांच्या हातात दिलं आणि चालत घरी गेले.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. घर एक, चूल एक, आणि मधे माझी सुनंदा. आबांना सांग, मोटर चालू केलीय. त्यांना सांग, मला आवाज येतो. आबांना विचार, जेवणार का. त्यांना सांग, भूक लागली की मी जेवतो. चैत्रापासून दिवाळीपर्यंत हेच. दिवाळीला लेक आली ती काटकीसारखी होऊन. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आई, मी त्या घरात सून न्हाई ऱ्हायले, पोस्टमन झाले." आणि मग रडायला लागली. दिवाळीनंतर वेगळी चूल मांडायची असं नवऱ्यानं ठरवलंय, मळ्यातल्या खोलीत जायचं. म्हातारा एकटा त्या घरात राहणार. बायको जाऊन किती वर्षं झालेली, त्याला चहासुद्धा करता येत नाही. आणि हे त्याला सांगायचं कुणी? तर तेही सुनंदानंच.

माझं डोकं फिरलं होतं. पण व्याही ठरल्या दिवशी शेंगांची पिशवी घेऊन हजर, आणि व्याह्यांना दारातून परत कसं पाठवणार? मासवडी केली. रागानं केली, म्हणून तिखट झाली. ते घाम पुसत जेवले. आठवडाभर टीव्हीवर पंच चुकत राहिले, पण यंदा त्यांच्या रागात दम नव्हता. चाळीस झाले तरी पाच कुणी खाल्ले म्हणून विचारलं नाही. सुनंदानंही वेगळ्या चुलीचं तोंडातून काढलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करत शेवटचा सामना आला.

त्या रविवारी दिवेलागणीला जावई स्वतःच बायकोला न्यायला आले. बाप आत बसलेला बघून उंबऱ्यातच थबकले. मी म्हटलं, आत या, हे काय परक्यासारखं. आले, पण दाराजवळच भिंतीला टेकून बसले. आता बघा काय वरात. टीव्हीसमोर बाप, दाराशी लेक, मधे मी, स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा जीव मुठीत धरून उभी, आणि आमचे हे झोपलेले. व्याही मला म्हणतात, विहीणबाई, त्यांना सांगा, उंच माणूस चांगला हाय. जावई मला म्हणतात, आत्या, त्यांना सांगा, बुटका जिंकणार. मी दोघांनाही काही सांगितलं नाही. मी काय पोस्ट खात्यात आहे?

उंच माणूस सारखा टॉवेलनं तोंड पुसायचा आणि बुटका मोजे वर ओढायचा. दोघं बरोबरीनं चालले होते. शेवटचा सेट, अगदी टोकाला आलेला. बुटक्यानं लांब चेंडू मारला, तो पार मागच्या रेघेपाशी पडला. रेघेवर बसलेल्या पंचानं हात बाहेर केला. चेंडू बाहेर. गुण उंचाला.

"आत व्हता," व्याही म्हणाले.

"आत व्हता," जावई म्हणाले.

दोघांच्या तोंडून एकदमच आलं. चैत्रानंतर त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, तेही त्या परदेशी चेंडूवर. मी आणि सुनंदानं एकमेकींकडं पाहिलं. तेवढ्यात तो उंच माणूस खुर्चीवरच्या पंचाकडं चालत गेला. काहीतरी बोलला, रेघेकडं बोट केलं, मान हलवली, आणि परत फिरला. गुण बुटक्याला दिला. आपल्या हातात आलेला गुण माणसानं स्वतःहून देऊन टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं तोच गेम त्याच्या हातून गेला, आणि त्या पाठोपाठ सामना.

मग मात्र आमच्या व्याह्यांचा अडकलेला राग सगळा बाहेर पडला. कशाला ठेवलीत एवढी माणसं रेघेला? वर छप्पर हाय, दिवसासारखे दिवे हायेत, धूळ न्हाई, वारा न्हाई, डोळ्यावर ऊन न्हाई, आणि तरी दिसत न्हाई? मग ज्याच्या डोळ्यावर ऊन येतं त्यानं—

इथं ते थांबले. एकदम थांबले, ठेच लागलेल्या बैलासारखे. टीव्हीत हरलेला माणूस जिंकलेल्याचा हात हातात घेत होता.

दाराजवळून जावई बोलले. मला नाही, सुनंदाला नाही. "आबा, चाक बाहेर व्हतं."

व्याह्यांनी मान वळवली नाही.

"माझ्याच अंगाला व्हतं. चार बोटं बाहेर. मी बघितलं व्हतं."

मग व्याही हळू आवाजात म्हणाले, "मला दिसलं न्हवतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सूर्य समोर व्हता. नुसतं पिवळं दिसलं. लेकाचा गाडा म्हणल्यावर आत म्हणायला जीभ उचलंना. गाव काय म्हणलं असतं? म्हणून बाहेर म्हणलो."

आता तुम्ही म्हणाल, या जागी डोळे पुसायचे. मला राग आला. असा राग की व्याह्यांचा मान, जावयाचा मान, सगळं चुलीत. म्हणजे ज्याला दिसलं तो खोटं बोलला, ज्याला दिसलं नाही त्यानं निकाल दिला, आणि दोघं मिळून सात महिने माझ्या पोरीला उन्हातान्हात निरोप वाहायला लावत होते. मी उभी राहिले, कमरेला पदर खोचला आणि दोघांनाही तोंडावर सांगितलं, "त्या टॉवेलवाल्याला दोन मिनिटं लागली. तुमाला चैत्र ते कार्तिक?" आणखीही बरंच बोलले, ते लिहीत नाही. आमचे हे जागे झाले आणि कोण जिंकलं म्हणून विचारलं.

व्याह्यांनी टोपी घातली. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल आणि माझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. ते माझ्याकडं बघत म्हणाले, "बरोबर हाय." एवढंच. मग लेकाकडं वळून, सात महिन्यांनी, सरळ लेकाला विचारलं, "बैलांना पेंड घालून आलास का?" जावई म्हणाले, "घातली, आबा." सुनंदा आत जाऊन चुलीपाशी बसली आणि मोठमोठ्यानं भाकऱ्या थापायला लागली. वेगळ्या चुलीचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायची वेळच आली नाही.

पुढच्या चैत्रात गावकरी निशाण घेऊन व्याह्यांकडं गेले. त्यांनी एक अट घातली. घाटाच्या वरच्या टोकाला, पंच उभा राहतो तिथं, छप्पर पाहिजे. गावकऱ्यांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. हा तोच माणूस ना, छपराखाली कसला खेळ म्हणणारा? पण ते हटले नाहीत. चार खांब, वर पत्रे, पश्चिमेला ऊन अडवायला खालपर्यंत झाप. तिथं उभं राहायचं म्हणून मी जुना गालिचा पाठवला, तर त्यांनी तो परत केला. निरोप पाठवला, गालिचा पावण्यांना असतो, पंचाला न्हाई. छपराखाली उभं राहून त्यांनी आणखी काही वर्षं निशाण धरलं, आणि उन्हाचं निमित्त सांगायची सोय राहिली नाही म्हणून आणखीच कडक झाले.

ते गेल्याला आता काही वर्षं झाली. पत्र्याचं छप्पर आहे अजून, नवा पंच त्याखाली उभा राहतो. वाडीत घरोघर छत्र्या बसल्या आहेत टीव्हीच्या, त्यामुळं तिकडून आठवडाभर राहायला कुणी येत नाही. यंदा सुनंदा भाऊबीजेला आली, ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाली. थांब म्हणायला माझ्याकडं काही निमित्तच नव्हतं. संध्याकाळी मी एकटीच टीव्ही लावला. त्या परदेशी खेळाचं छप्पर तसंच होतं, गालिचा मात्र काढून टाकलेला. चाळीस झाले तेव्हा मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, पाच कुणी खाल्ले? शब्द सगळे बरोबर आले. पण व्याह्यांसारखा राग काही मला आणता आला नाही.